चेतासंस्थेची घडण आणि तिचे काम

यकृताची एक पेशी पाहिली की यकृताच्या बाकीच्या पेशींची बऱ्यापैकी कल्पना येते. चेतापेशींचे तसे नाही. अनुमस्तिष्कातील पुर्किन्ये पेशी पंख्यासारखी चपटी आणि पसरट असते. प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील बऱ्याच पेशींचा पिंड त्रिकोणी असतो. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशींचा सारा संसार मिलिमीटरच्या छोट्याशा अंशात आटोपतो, तर कमरेपाशी मेरुरज्जूतून निघून पावलापर्यंत जाणाऱ्या पेशीचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब भरतो. दुसऱ्या कोणत्याही ऊतीत आकारांची एवढी विविधता आढळत नाही. पेशी किती जणांचे ऐकते, कुणाचे ऐकते आणि पुढे कुणाला सांगते, हे बरेचसे तिच्या आकारावरूनच ठरते. त्यामुळे चेतासंस्थेच्या अभ्यासाचा मोठा भाग हा आकार वाचण्याचा अभ्यास आहे. या वाचनाने बरेच काही हाती दिले. पण नुसत्या आकारावरून न उलगडणारेही पुष्कळ आहे.

हे वाचन सुरू झाले ते एका रंगामुळे. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की काहीच उमगत नाही. १८७३ साली इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून पेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. या रीतीचा मोठा गुण म्हणजे तिचा अपुरेपणा. शंभरातील मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापासून टोकापर्यंत. गर्दीतल्या बाकीच्यांना अदृश्य करून एकट्या माणसाला उभे करावे, तसा हा प्रकार. गोल्जींना त्यात एकसंध जाळे दिसले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून तीच रीत सुधारून वापरली आणि उलटा निष्कर्ष काढला: पेशी सुट्या आहेत, एकमेकींना भिडतात पण मिसळत नाहीत. त्यांनी आणखी एक धाडस केले. फांद्यांसारख्या वृक्षिकांकडून संदेश येतो आणि अक्षतंतू या लांब तंतूवाटे जातो, हे केवळ आकृत्या पाहून ताडले आणि आपल्या चित्रांवर दिशादर्शक बाण काढले. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. स्टॉकहोममध्ये त्यांची पहिल्यांदाच भेट झाली, आणि गोल्जींनी आपले व्याख्यान काहाल यांचा सिद्धान्त खोडण्यात खर्च केले. वाद निर्विवादपणे मिटायला १९५०च्या दशकातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. दोन पेशींच्या मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट त्यात उघड दिसली. तिला ‘सिनॅप्स’ हे नाव चार्ल्स शेरिंग्टन यांनी ती दिसण्याच्या अर्धशतक आधीच, १८९७ साली, देऊन ठेवले होते.

तंतूतून संदेश किती वेगाने जातो, हा प्रश्न एके काळी मोजमापाच्या पलीकडचा मानला जाई. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या पायाची चेता दोन ठिकाणी चेतवून स्नायू आखडायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजला आणि वेग सेकंदाला सुमारे २५ ते ३८ मीटर काढला. विजेच्या तारेपुढे ही गती मुंगीची ठरते. याचे कारण संदेशाच्या स्वरूपात आहे. तारेतून प्रवाह वाहतो तसा तंतूतून वाहत नाही. विश्रांतीत तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. एका जागी सोडियमची दारे उघडली की तिथला भार उलटतो, त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ साली हा क्रम गणितात बसवला, तो स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या तंतूवर प्रयोग करून. स्क्विडला एवढा जाड तंतू लागतो, कारण उघड्या तंतूतील वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट हवा असेल तर जाडी सोळापट करावी लागते.

हा हिशेब माणसाला लावला की पृष्ठवंशीय प्राण्यांनी काढलेल्या तोडग्याचे मोल कळते. अर्ध्या मिलिमीटरचा उघडा तंतू सेकंदाला सुमारे २५ मीटरचा वेग देतो. माणसाच्या सर्वांत जलद तंतूंचा वेग १०० मीटरच्या वर असतो. तो उघड्या तंतूने गाठायचा तर एकेक तंतू ८ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा जाड, लागला असता. आपला आख्खा मेरुरज्जूच करंगळीएवढा आहे. प्रत्यक्षात हे तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढेच जाड असतात, कारण त्यांच्याभोवती मायेलिन या मेदयुक्त आवरणाचे थरावर थर गुंडाळलेले असतात. आवरण सलग नसते. साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर अगदी बारीक उघडी जागा असते. लुई-आंत्वान राँव्हिये यांनी १८७१ साली वर्णन केलेल्या या गाठींपाशीच सोडियमची दारे दाटीवाटीने बसवलेली असतात, आणि संदेश एका गाठीवरून पुढच्या गाठीवर जणू उडी मारतो. शरीर ही सोय सरसकट पुरवत नाही. स्नायूंची आणि सांध्यांची खबर देणाऱ्या तंतूंना जाड आवरण आहे, तर रेंगाळणारी, ठणकणारी वेदना नेणारे तंतू उघडेच आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर आहे. पायाचे बोट उंबऱ्याला आपटले की आधी आपटल्याचे कळते, मग तीक्ष्ण कळ येते, आणि क्षणभराने खरा ठणका सुरू होतो. तंतूंच्या तीन जाती अशा एकामागोमाग पोहोचतात.

आवरण गेले की काय होते, हे पुणेकरांनी २०२५च्या सुरुवातीला जवळून पाहिले. सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. बहुतेकदा पोटाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या या आजारात शरीराची प्रतिकारसंस्था जंतूंसोबत स्वतःच्या चेतांच्या आवरणावर, काहींमध्ये थेट अक्षतंतूवर, हल्ला चढवते. मुंग्या येऊन पाय लुळे पडतात आणि अशक्तपणा वर चढतो. श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागतो. तरीही बहुतांश रुग्ण सावरतात. परिघीय चेतांमध्ये आवरण घालणाऱ्या श्वान पेशी ते पुन्हा गुंडाळू शकतात. तुटलेला तंतूदेखील दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो, म्हणून नुसते आवरण गेलेला रुग्ण लवकर उठतो आणि तंतूच तुटलेल्याला बहुधा बराच काळ लागतो. मेंदू आणि मेरुरज्जूत मात्र ही वाढ जवळजवळ होत नाही. तिथले तंतू मुळातच वांझ आहेत, असा समज पुष्कळ वर्षे होता. मॉन्ट्रियलमधील अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८०च्या सुमारास उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेरुरज्जूला पायातील चेतेचा तुकडा जोडला, तेव्हा तेच ‘वांझ’ तंतू त्या तुकड्यातून कित्येक मिलिमीटर वाढले. दोष तंतूंपेक्षा त्यांच्या शेजाराचा निघाला.

दोन पेशींमधली फट ओलांडताना संदेश वीज सोडून रसायनाचे रूप घेतो. ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाचे एक हृदय चेता चेतवून मंदावले आणि त्याच्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर टाकले, तेही मंदावले. फटीच्या अलीकडे रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या, पलीकडे ते रसायन ओळखणारी ग्राही प्रथिने, अशी इथली रचना असल्यामुळे संदेश एकाच दिशेने जातो. दोन्ही काठांचे महत्त्व महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या रुग्णांत स्पष्ट दिसते. नाग आणि मण्यार, दोघांचेही विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसते. दोन्हींत पापण्या जड होऊन मिटतात, जीभ बोजड होते, श्वास थांबू शकतो. पण नागाचे विष मुख्यतः पलीकडच्या काठावरील ग्राही प्रथिने अडवते. निओस्टिग्मीन हे औषध देऊन फटीतील ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन वाढवले की त्यावर काहीशी मात करता येते. मण्यारीचे विष प्रामुख्याने अलीकडचे, म्हणजे चेतेचे टोकच निकामी करते. तिथे रसायन सुटण्याचीच सोय उरत नाही, म्हणून ते औषध बहुधा कामी येत नाही. नवी टोके फुटेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर सांभाळत बसावे लागते. लक्षणे सारखी, फट तीच. फक्त काठ बदलला आणि उपचाराचे गणित बदलले.

परिघातील चेतांची जागाही काही वेळा नशीब ठरवते. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींत शिरतात आणि शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड जागी वाढतात. त्यामुळे कातडीलगत धावणाऱ्या चेता त्यांना सापडतात: कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, चेहऱ्याची. पहिली गेली की करंगळी आणि अनामिका आखडून हाताचा पंजा होतो, दुसरी गेली की पाऊल खाली लोंबते. बोटे या रोगाने ‘झडतात’ असे शतकानुशतके मानले गेले. वेल्लोर येथे काम करणाऱ्या शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटांचा नाश मुख्यतः वेदनेची खबर न मिळाल्यामुळे होतो. गरम भांडे, रुतलेला खडा, चावणारी चप्पल यांपासून हात-पाय मागे घेतला जात नाही आणि जखमा साचत जातात. वरोऱ्याजवळच्या आनंदवनासारख्या ठिकाणी बोटे गमावलेल्या हातांनी शेती आणि कारागिरी उभी राहिली, तेव्हा त्या हातांचे स्नायू आणि मेंदू शाबूत होते. तुटला होता तो मधला दुवा.

मेरुरज्जूत रचना आणि कार्य यांची सांगड सर्वांत सुबक दिसते. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या या दोरातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. हातांच्या आणि पायांच्या चेता जिथून निघतात तिथे तो फुगीर आहे, कारण तिथे पेशी जास्त लागतात. आत फुलपाखराच्या आकाराचे करडे द्रव्य, म्हणजे पेशींचे पिंड, आणि भोवती श्वेत द्रव्य, म्हणजे वर-खाली जाणारे तंतू. चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये सुचवलेली आणि फ्रान्स्वा माझाँदी यांनी १८२२ मध्ये नीट सिद्ध केलेली वाटणी अशी की मागच्या मुळांतून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळांतून आज्ञा बाहेर जाते. पोलिओचा विषाणू नेमका करड्या द्रव्याच्या पुढच्या शिंगातील प्रेरक पेशी मारतो, म्हणून पोलिओ झालेला पाय वाळतो आणि लुळा पडतो, पण त्याला टोचलेली सुई पूर्वीसारखीच कळते.

गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, ही शरीरातील सर्वांत छोटी मंडलरचना: एक संवेदी पेशी, एक प्रेरक पेशी, मध्ये एकच सिनॅप्स. सारा प्रकार सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागात उरकतो. काटा रुतल्यावर पाय वर घेण्यासाठी याहून अधिक पेशी गुंतलेल्या असतात, कारण त्याच वेळी दुसरा पाय ताठ करावा लागतो, नाहीतर माणूस कोसळेल. हा दुसरा पाय ताठ करणारा तंतू मेरुरज्जूत बाजू बदलून पलीकडे जातो. मेंदूला कळायच्या आत हे होऊन गेलेले असते.

बाजू बदलण्याचा हा प्रकार चेतासंस्थेत जागोजाग आहे, पण सगळीकडे एकाच पातळीवर नाही. वेदना आणि तापमानाचे मार्ग मेरुरज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जातात. सूक्ष्म स्पर्शाचे आणि सांध्यांच्या स्थितीचे मार्ग त्याच बाजूने वर चढून मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, बाजू बदलतात. मेंदूकडून येणारे बहुतांश प्रेरक तंतूही तिथेच ओलांडतात. परिणामी मेरुरज्जू एका बाजूने अर्धा कापला गेला तर रुग्णाच्या त्या बाजूच्या पायाची ताकद आणि सूक्ष्म स्पर्श जातो, आणि दुसऱ्या पायाची वेदना जाते. चार्ल्स-एद्वार ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र मांडले. स्कॅन नसलेल्या काळात वैद्य केवळ सुई, कापूस आणि हातोडी घेऊन इजेची जागा ठरवत, ते या रचनेच्याच भरवशावर. हे ओलांडणे मुळात का घडले, यावर अनेक तर्क आहेत. सर्वमान्य उत्तर नाही.

मस्तिष्कस्तंभ लांबीने सात-आठ सेंटिमीटरच आहे, पण इथे जागेची किंमत सर्वाधिक आहे. श्वासाचा ठेका, गिळणे, रक्तदाब, डोळ्यांच्या हालचाली आणि जागेपण यांची केंद्रे इथे खेटून बसलेली आहेत, आणि वर-खाली जाणारे सर्व मार्गही इथूनच जातात. बाह्यकात सुपारीएवढी गाठ काही काळ खपून जाते. इथे वाटाण्याएवढा रक्तस्राव जीव घेऊ शकतो. जुझेप्पे मोरुझी आणि होरेस मॅगून यांनी १९४९ साली गुंगीतील मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील जाळीदार भाग विजेने चेतवला आणि मेंदूच्या लहरी जागेपणीच्या झाल्या. जागे राहणे हे डोळ्याकानांतून येणाऱ्या गलबल्याचे फळ नसून स्वतंत्र यंत्रणेचे काम आहे, हे तेव्हापासून मान्य झाले.

स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन शाखांचा स्वभाव त्यांच्या बांधणीतच आहे. अनुकंपी शाखेच्या गुच्छिका, म्हणजे पेशींचे पुंजके, कण्याच्या दोन्ही बाजूंना साखळीने जोडलेल्या असतात. एक तंतू अनेक गुच्छिकांना चेतवतो, शिवाय अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडते. त्यामुळे ही शाखा एकाच वेळी साऱ्या शरीराला हाक देऊ शकते. परानुकंपी शाखेच्या गुच्छिका थेट अवयवापाशी किंवा त्याच्या भिंतीत असतात, म्हणून ती डोळ्याची बाहुली आकुंचित करते तेव्हा आतड्याला हात लावत नाही. कोकणातील लाल विंचवाचे विष अशी सार्वत्रिक हाक जबरदस्तीने घडवून आणते. ते सोडियमची दारे मिटू देत नाही. स्वायत्त चेतांच्या टोकांतून रसायनांचा लोंढा सुटतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तवाहिन्यांवरील ग्राही प्रथिने अडवणारे साधे, तोंडावाटे घ्यायचे औषध या रुग्णांना देऊन पाहिले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आतड्याच्या भिंतीतील चेतांचे जाळे हा या संस्थेतील तिसरा, काहीसा स्वायत्ताहूनही स्वायत्त भाग. त्यात दहा कोटींहून अधिक पेशी आहेत. शरीराबाहेर काढलेला आतड्याचा तुकडाही त्यांच्या जोरावर आतला घास पुढे ढकलत राहतो.

अनुमस्तिष्क हा मेंदूचा आकाराने लहान, पण पेशींच्या संख्येने सर्वांत मोठा भाग. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने २००९ साली मेंदूतील चेतापेशींची संख्या सुमारे ८६ अब्ज काढली. तोवर पाठ्यपुस्तके शंभर अब्ज म्हणत आणि तो आकडा कुठून आला हे कुणी विचारत नसे. या ८६ पैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात आहेत आणि विचारांचे घर म्हणून मिरवणाऱ्या बाह्यकात सुमारे १६ अब्ज. अनुमस्तिष्काची रचना थक्क करण्याइतकी एकसुरी आहे. पुर्किन्ये पेशींचे चपटे पंखे एकामागे एक रांगेने उभे असतात आणि त्यांना काटकोनात छेदत बारीक समांतर तंतू जातात, टेलिफोनच्या खांबांवरून तारा जाव्यात तसे. एकेका पंख्यावर असे लाखाच्या घरात तंतू टेकतात. दुसऱ्या जातीचा, खालून वेलीसारखा चढणारा तंतू मात्र प्रत्येक पुर्किन्ये पेशीला एकच मिळतो. लाखभर बारीक सूचना एकीकडे आणि एक ठणठणीत इशारा दुसरीकडे, या मांडणीवरून डेव्हिड मार यांनी १९६९ साली असा कयास बांधला की हे चुकांतून शिकण्याचे यंत्र असावे. रचना पाहून कार्य ताडण्याची याहून सुंदर उदाहरणे थोडी. पुढे मासाओ इतो यांच्या प्रयोगांनी त्याला बराच आधार दिला. अनुमस्तिष्क बिघडलेल्या माणसाला लकवा होत नाही. पेल्याकडे नेलेला हात लक्ष्य चुकतो, चाल झुलते, शब्द तुटक येतात. असे असले तरी २०१४ साली चीनमधून एक नोंद प्रसिद्ध झाली. चोवीस वर्षांच्या एका स्त्रीला जन्मापासून अनुमस्तिष्क नव्हतेच. ती उशिरा चालू लागली, उशिरा बोलू लागली, तोल कच्चा राहिला. पण ती चालत होती, बोलत होती आणि तिला मूलही होते. पेशींच्या चार पंचमांशांचे घर रिकामे असताना एवढे साधले, ही गोष्ट रचनेवरून कार्य नेमके सांगू पाहणाऱ्यांना अजूनही बोचते.

मेंदूच्या खोल भागातील केंद्रांविषयी थोडक्यात सांगता येते. थॅलॅमसमधून वास सोडून बाकी सर्व संवेदना बाह्यकाकडे जातात. हायपोथॅलॅमस चारेक ग्रॅमचा असून भूक, तहान, तापमान आणि संप्रेरके सांभाळतो. मध्यमेंदूतील काळसर पट्ट्यातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मेल्या की जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेला कंपवात होतो. त्यातील रुग्णाला हालचाल करता येते. ती सुरू करणे जड जाते.

बाह्यक म्हणजे दोन ते चार मिलिमीटर जाडीची, सुरकुतून कवटीत बसवलेली चादर. तिच्यात बहुतेक ठिकाणी पेशींचे सहा थर असतात आणि ते सगळीकडे सारखे नसतात. १७७६ साली इटलीतील फ्रांचेस्को जेन्नारी या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मेंदूच्या मागच्या भागात नुसत्या डोळ्यांनी एक पांढरी रेघ दिसली. ती कशासाठी आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. डोळ्यांकडून थॅलॅमसमार्गे येणारी माहिती ज्या चौथ्या थरात उतरते त्या थराची ती खूण आहे, आणि ती रेघ जिथवर आहे तिथवर प्राथमिक दृष्टिक्षेत्र आहे, हे पुष्कळ नंतर उमगले. याउलट स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पट्ट्यात हा चौथा थर क्षीण आणि पाचव्या थरात प्रचंड मोठ्या पेशी. आत येणाऱ्या मालाचा धक्का आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा धक्का यांच्या इमारती वेगळ्या असाव्यात, तसेच हे. अशा फरकांवरून कोर्बिनियन ब्रोडमान यांनी १९०९ साली बाह्यकाचा क्रमांकवार नकाशा काढला. २०१६ साली स्कॅनच्या आधारे काढलेल्या नकाशात प्रत्येक गोलार्धात १८० भाग झाले आहेत, तरी ब्रोडमान यांचे क्रमांक दवाखान्यांत चालतातच.

कार्याच्या बाजूने नकाशा काढण्याची सुरुवात पॉल ब्रोका यांनी केली. १८६१ साली त्यांच्याकडे आलेल्या लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला बोललेले समजे, पण त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच शब्द येई. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली आणि वाचेचे केंद्र सापडले असे जाहीर झाले. कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली मागच्या बाजूला भाषा समजण्याशी निगडित दुसरा भाग दाखवला आणि या दोहोंना जोडणारा तंतूंचा जुडगा महत्त्वाचा मानला. लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला होता. २००७ साली तो एमआरआय यंत्रात घातला, तेव्हा इजा ब्रोका यांना वरून दिसली त्याहून बरीच खोल गेलेली आढळली आणि तिने तंतूंचे लांब जुडगेही तोडलेले होते. शहरातला एक चौक बंद पडल्याने वाहतूक थांबली, म्हणून सारी वाहतूक त्या चौकातच तयार होते असे म्हणता येत नाही. शोधाचे मोल याने कमी होत नाही, पण ‘केंद्र’ हा शब्द जपून वापरावा लागतो.

वाइल्डर पेनफील्ड यांनी मॉन्ट्रियलमध्ये जागृत रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना बाह्यकाला विजेचा सौम्य स्पर्श करून कुठे काय होते ते नोंदवले. १९३७ साली त्यातून तयार झालेली शरीराची ओबडधोबड आकृती आता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते: अवाढव्य ओठ, जीभ आणि अंगठा, किरकोळ पाठ. जागा अवयवाच्या आकारानुसार मिळत नाही, त्याच्या कौशल्यानुसार मिळते. कंपासपेटीतील कर्कटकाची दोन टोके बोटाच्या पेरावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टेकवली तरी दोन जाणवतात. पाठीवर तीच टोके तीन-चार सेंटिमीटर फाकवली तरी एकच वाटू शकते. नकाशात हाताशेजारी चेहरा येतो. त्यामुळे हात कापलेल्या काहींना गालावर बोट फिरवले की नसलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखा वाटतो, असे विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात दाखवले. २०२३ साली या आकृतीलाही दुरुस्ती सुचवली गेली. पाय, हात आणि तोंड यांच्या भागांमध्ये असे पट्टे आढळले की जे एखादा अवयव हलवण्यापेक्षा संपूर्ण शरीराच्या हालचालीची जुळवाजुळव करत असावेत.

स्मृतीची जागा एका शस्त्रक्रियेने उघड केली. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि लगतचा भाग काढण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांना नवी घटना काही मिनिटांपलीकडे आठवली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून आकृती गिरवायला लावली. दिवसागणिक हात सुधारत गेला, आणि दर दिवशी हा प्रकार आपण प्रथमच करत आहोत असे त्यांना वाटे. घटना आठवणे आणि कसब शिकणे यांची दारे वेगळी आहेत, हे त्यातून कळले.

इथवर रचना पुढे आणि कार्य मागे असे चित्र आहे. उलट दिशाही आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. नंतर तो उघडला तरी बाह्यकाने त्याची दखल घेतली नाही. त्या डोळ्याच्या वाट्याची जागा दुसऱ्याने बळकावली होती. मृगांक सूर यांच्या गटाने नवजात फेरेट प्राण्यांत डोळ्याचे तंतू श्रवणमार्गाकडे वळवले, तेव्हा ऐकण्यासाठीच्या बाह्यकात रेषांची दिशा ओळखणाऱ्या पेशी तयार झाल्या. म्हणजे बाह्यकाचा तुकडा काय करेल हे त्याच्या थरांइतकेच त्याच्यापर्यंत काय पोहोचते यावर ठरते. अंध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा त्याचे दृष्टिक्षेत्र काम करताना दिसते. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये उत्तर भारतातील जन्मांध मुलांचे मोतीबिंदू वयाच्या आठव्या, दहाव्या वर्षी किंवा त्याही नंतर काढले गेले. पुष्कळजण हळूहळू वस्तू वेगळ्या ओळखू लागले, मात्र दृष्टीची तीक्ष्णता सहसा अधूच राहिली. खिडकी पूर्ण बंद होत नाही, पण वेळ गेल्यावर पूर्ण उघडतही नाही.

सगळे तंतू आणि सगळे सिनॅप्स नोंदवून काढले तर कोडे सुटेल का? हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणीचा नकाशा १९८६ साली पुरा झाला. २०२४ साली फळमाशीच्या प्रौढ मेंदूचा झाला: सुमारे १,४०,००० पेशी आणि पाच कोटींहून अधिक सिनॅप्स. त्याच वर्षी मानवी बाह्यकाच्या एक घन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान तुकड्याचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स सापडले, आणि माहिती साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. नकाशे उपयोगी आहेत. माशी तोंड कसे पुढे करते किंवा कृमी स्पर्शाने मागे का सरकतो, हे त्यांवरून बरेचसे सांगता येते. पण खेकड्याच्या जठराला हलवणारा सुमारे तीस पेशींचा गुच्छ या बाबतीत सावध करतो. त्याच्या जोडण्या कित्येक दशके ठाऊक आहेत. ईव्ह मार्डर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की त्यावर एखादे रसायन शिंपडले की त्याच जोडण्या निराळा ठेका धरतात, कुठल्या पेशी कोणत्या मंडळात मोडतात हेही बदलते. आणि उलट, दोन खेकड्यांत पेशींचे विद्युत गुणधर्म दुपटी-तिपटीने वेगळे असूनही ठेका एकच निघतो. कृमीच्या ३०२ पेशींचा नकाशा पुरा होऊन चार दशके होत आली. कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे त्या नकाशावरून अजून सांगता येत नाही.